तिसरी चढाई

खेळाडूच्या आयुष्यात पराभवाहून अवघड असा एक प्रसंग येत असतो. ज्या रीतीने त्याने आजवर सामने जिंकलेले असतात, तीच रीत एके दिवशी अपुरी पडू लागते. नवी रीत बुद्धीला लवकर पटते. पाय मात्र सवयीच्या वाटेनेच धावतात. एका खेळाडूची ही स्थिती, तर साऱ्या संघाला एकाच वेळी चढाईची रीत बदलावी लागली म्हणजे काय होत असेल? जयपूरच्या कबड्डी संघाचा प्रवास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पाहण्याजोगा आहे.

महाराष्ट्राला कबड्डी नवी नाही. गावोगावी हुतूतू या नावाने हा खेळ तांबड्या मातीत रंगत आला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखवली होती. या खेळात चढाई हा एकट्याचा पराक्रम मानला जाई. एक गडी मध्यरेषा ओलांडून दम घेत शत्रूच्या अंगणात शिरतो आणि समोर सात जण हात गुंफून त्याची वाट अडवतात. त्याचा श्वास हेच त्याचे घड्याळ असे. गडी मारून परतला तर टाळ्या. रिकाम्या हाताने परतला तर प्रेक्षक नाराज होत. उत्तम चढाई करणारा तो, जो प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन येतो, अशीच समजूत होती.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा खेळ मातीवरून दिव्यांच्या झगमगाटातील मॅटवर आला. जयपूर पिंक पँथर्स हा संघ तेव्हाच स्थापन झाला. सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियम हे त्याचे घर ठरले. आता चढाईची मर्यादा श्वासावर राहिली नाही. प्रत्येक चढाईला तीस सेकंद मिळू लागले आणि ते सेकंद मोठ्या फलकावर साऱ्यांना दिसू लागले.

घड्याळाने खेळ बदलण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हता. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एकेकाळी आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता आपापसांत फिरवत वेळ काढीत असे. नोव्हेंबर १९५० मध्ये तर एक सामना १९ विरुद्ध १८ अशा गुणांवर संपला. प्रेक्षक कंटाळले. अखेर १९५४ साली चोवीस सेकंदांचे बंधन आले. तेवढ्या अवधीत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे असे ठरले आणि प्रत्येक संघाला आपली आक्रमणाची पद्धत नव्याने रचावी लागली. कबड्डीतही पुढे असलेला संघ रिकाम्या चढायांवर वेळ मारून नेऊ शकत असे. बास्केटबॉलने जे साठ वर्षांपूर्वी अनुभवले, ते कबड्डीच्या वाट्याला आता आले.

जयपूरचा पहिलाच सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत यू मुंबा या संघाशी झाला. जयपूरला ३१ विरुद्ध ४५ अशी हार पत्करावी लागली. लिलावातून जमवलेल्या, निरनिराळ्या ठिकाणी खेळून आलेल्या गड्यांना एक संघ होण्यास फारच थोडा अवधी मिळाला होता. कर्णधार नवनीत गौतम हे जयपूरचे, तर प्रशिक्षक काशिनाथन भास्करन दक्षिणेकडील. प्रत्येकाच्या अंगात आपापल्या मैदानाची सवय मुरलेली होती. तरीही ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात हाच संघ त्याच मुंबईत, त्याच यू मुंबासमोर उभा राहिला आणि ३५ विरुद्ध २४ असा जिंकला. दोन्ही सामन्यांत अंतर होते केवळ छत्तीस दिवसांचे. एवढ्या दिवसांत कोणाचे बळ दुपटीने वाढत नाही. वाढतो तो एकमेकांचा अंदाज. चढाईला गेलेला गडी कोणत्या बाजूने परतेल आणि तो बाद झाला तर पुढे कोणी जायचे, याची न बोलता येणारी समज संघात हळूहळू रुजते.

या लीगच्या नियमांपैकी खेळाची रीत सर्वांत अधिक बदलणारा नियम म्हणजे तिसऱ्या चढाईचा. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो आणि प्रतिपक्षाला गुण मिळतो. हिलाच 'करो या मरो' चढाई म्हणतात. वरवर पाहता हा नियम तिसऱ्या गड्यावर ओझे टाकतो. परंतु बारकाईने पाहिले तर त्याने पहिल्या दोन गड्यांच्या कामाचा अर्थच बदलून टाकला. आता तीन चढाया मिळून एक डाव होतो. पहिला गडी आत जातो, निदानरेषा ओलांडतो, समोरच्या कोपऱ्यातील गडी कसा उभा आहे, कोण पुढे झेपावतो, कोण बिचकतो हे पाहतो आणि सावधपणे परततो. दुसराही कदाचित तेच करतो. फलकावर दोघांच्या नावापुढे काहीच लागत नाही. पण तिसरा जेव्हा आत शिरतो, तेव्हा त्या दोघांनी पाहिलेले सारे त्याच्या कामी येते.

नव्या रीतीचा खरा कस येथे लागतो. गावच्या मैदानावर ज्याच्या नावाने आरोळ्या उठत, त्याला आज सांगितले जाते की, तू जा आणि काही न मिळवता परत ये. पायांना हे कळत नाही. समोर गडी किंचित पुढे सरकलेला दिसतो, हात शिवशिवतो, जुना मोह जागा होतो. त्या एका क्षणी तो झेपावतो आणि घोट्याला पकड बसते. अशा वेळी चुकते ते त्याचे कौशल्य नव्हे. चुकते ती वेळ. म्हणूनच नवी पद्धत शिकताना जुने विसरावे लागते, हे म्हणणे पुरते खरे नाही. पायाने गडी टिपणे, हात लावून निसटणे, झेप घेऊन पकडीवरून सुटणे हे सारे जुनेच डाव राहतात. बदलतो तो त्यांचा क्रम. केव्हा थांबायचे, हे नव्याने शिकावे लागते.

या खेळात आणखी एक सुंदर तरतूद आहे. बाद झालेला गडी मैदानाबाहेर बसतो. परंतु त्याच्या सोबत्याने समोरचा एक गडी बाद केला की तो पुन्हा आत येतो. जुन्या खेळाच्या एका प्रकाराला संजीवनी असे अर्थपूर्ण नाव होते, ते यावरूनच. बाहेर बसलेल्याला स्वतःसाठी काहीही करता येत नाही. त्याचे परतणे सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात असते. संघातील सर्वांत बलवान गडीही सामन्यात कधीतरी त्या बाकावर बसतोच आणि ज्याच्याकडे आजवर दुर्लक्ष झाले, असा एखादा सोबती त्याला आत आणतो. हे ज्याला उमगले, त्याला आपली चढाई एकट्याची वाटत नाही.

जयपूरचा पुढचा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. २०१६ साली हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण पाटणा पायरेट्सकडून २९ विरुद्ध ३७ असा हरला. २०२१-२२च्या हंगामात तर बाद फेरीही गाठता आली नाही. त्यानंतरच्या हंगामात मात्र संजीव बालियान यांच्या मार्गदर्शनाखाली आणि सुनील कुमार यांच्या नेतृत्वाखाली संघ गुणतक्त्यात पहिला आला. चढाईची मुख्य भिस्त अर्जुन देशवाल यांच्यावर होती; त्यांनी त्या हंगामात चढाईतून २९६ गुण मिळवले. १७ डिसेंबर २०२२ रोजी वरळी येथे अंतिम सामना झाला. समोर पुणेरी पलटण होती आणि मराठी प्रेक्षकांचे मन साहजिकच तिकडे ओढ घेत होते. जयपूरने तो सामना ३३ विरुद्ध २९ असा जिंकला.

त्या विजयातील एक आकडा मात्र विचार करायला लावतो. हंगामभर गुणांचा पाऊस पाडणाऱ्या अर्जुन यांना अंतिम सामन्यात सहा गुण मिळाले. दुसरे चढाईपटू व्ही. अजित कुमार यांनाही सहाच मिळाले. पकडी करणारे कर्णधार सुनील कुमार यांच्या वाट्यालाही सहाच आले. ज्या दिवशी सर्वांत मोठ्या परीक्षेची घडी आली, त्या दिवशी भार एका खांद्यावर राहिला नाही. तो वाटला गेला. पुणेकरांनी अर्जुन यांना बरेचसे रोखून धरले. एवढ्या मोठ्या चढाईपटूला रोखल्यावर एरवी संघ कोसळला असता. येथे तो उभा राहिला.

नवे शिकण्याची वेळ माणसावर कोणत्याही वयात येते. हातमागावर आयुष्य काढलेल्या विणकराच्या पुढ्यात यंत्रमाग येतो. खतावणी लिहिणाऱ्या मुनिमासमोर संगणक ठेवला जातो. संसाराचा गाडा ओढता ओढता कोणी पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेतो. अशा वेळी आरंभीचे अनेक दिवस रिकाम्या चढायांसारखेच जातात. संध्याकाळी मोजून दाखवावे असे हाती काहीच नसते. पाहणाऱ्याला वाटते की दिवस वाया गेला. त्या दिवसांत नजर तयार होत असते, पाय नव्या जमिनीची ओळख करून घेत असतात; याची नोंद कोणत्याच फलकावर होत नाही.

सामना संपल्यावर ढाल उंचावणाऱ्यांची छायाचित्रे छापली जातात. तिसऱ्या चढाईचा गुण ज्याने मिळवला, त्याचे नाव लोकांच्या ओठी राहते. त्याच्याआधी दोघे आत जाऊन परत आले होते, हे सहसा कोणी विचारत नाही. संघाला मात्र ते ठाऊक असते. म्हणूनच पुढच्या डावात ते दोघे पुन्हा तितक्याच निष्ठेने मध्यरेषा ओलांडतात.