अनुस्वार आधी गळतो

दुकानाच्या पाटीवरचं सगळ्यात आधी काय गळून पडतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: अनुस्वार. अ‍ॅक्रिलिकची किंवा पत्र्याची अक्षरं कापून भिंतीवर लावायची असली की मराठी नावाची एक मोठी सोय असते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो, दोन्ही टोकांना आणि मधे स्क्रू मारले की काम झालं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून प्रत्येकाची भोकं वेगळी, वायर वेगळी, आणि तिरकं बसण्याची संधीही वेगळी. पण आमचा अनुस्वार एकटा असतो. शिरोरेषेच्या वर अधांतरी, कशालाच धरून नाही. त्याच्या पाठीला गोंदाचा एक ठिपका लावतात आणि एखाददुसऱ्या पावसाळ्यात तो खाली येतो. मग 'आनंद'चा 'आनद' होतो, 'मंगल'चा 'मगल'. रफार आणि वेलांटी असे पडत नाहीत. त्यांचा पाय शिरोरेषेवर असतो.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. अधूनमधून दिवाळी अंकाची मांडणी, कुणाचं बोधचिन्ह, कुणाच्या दुकानाचं नाव. कला महाविद्यालयात बोलायला गेले की एक प्रश्न ठरलेला: मॅडम, इन्स्पिरेशन कुठून घेता? विचारणाऱ्याच्या फोनमध्ये जगभरातली उत्तमोत्तम डिझाइनं साठवलेली असतात. स्वित्झर्लंडची ग्रिड, जपानची पोस्टरं, पोलंडमधल्या नाटकांची पोस्टरं. त्यात वाईट काही नाही, मीही बघते. पण फोनवर दिसतो तो निकाल. ते पोस्टर किती शाईंत छापायचं होतं, कुठल्या भिंतीवर लागणार होतं, बघणारा चालत होता की ट्राममध्ये बसला होता, हे सगळं चौकटीबाहेर राहिलेलं असतं. कारण मागे ठेवून नुसतं रूप उचललं की ते आपल्या कामावर भाड्याच्या शेरवानीसारखं बसतं: खांद्यात सैल, पोटात घट्ट. रस्त्यावरच्या पाटीचं तसं नसतं. तिचं कारण तिच्या शेजारीच उभं असतं, बऱ्याचदा गल्ल्यावर बसलेलं असतं आणि विचारलं तर बोलतंसुद्धा.

म्हणून माझ्याकडच्या फोटोंचे फोल्डर 'सुंदर', 'जुनं', 'कोकण' असे नाहीत. त्यांची नावं आहेत: 'जागा कमी पडली', 'हत्यार अडलं', 'पैसे संपले', 'लांबून वाचायचं' आणि 'हौस'. 'जागा कमी पडली'मध्ये अशा पाट्या आहेत की 'किराणा' ऐसपैस लिहून झाल्यावर 'भांडार'ला अंग चोरून उभं राहावं लागतं. 'लांबून वाचायचं'मध्ये एस.टी.च्या काचेमागची गावांची नावं, स्टेशनांचे पिवळ्यावर काळे फलक आणि मैलाचे दगड, ज्यांचं डोकं राष्ट्रीय महामार्गावर पिवळं असतं आणि राज्य महामार्गावर हिरवं. 'हौस' सगळ्यात फुगलेला आहे. कानिफनाथांच्या नावाच्या रसवंतीगृहांनीच त्यातला बराच भाग व्यापला आहे. उसाच्या रसाला कानिफनाथ आणि गुळगुळीत बैल दोन्ही का लागतात यावर कुणीतरी एकदा बसून लिहायला हवं.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कायद्यानं. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली महाराष्ट्रात दुरुस्ती झाली. फलकावर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीलाच हवं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या दिवाळीच्या मागेपुढे मुंबईत पायी फिरणं ही माझ्या धंद्यातल्या माणसासाठी चैन होती. वर्षानुवर्षं इंग्रजीतच राहिलेली नावं एकदम देवनागरीत उतरत होती, तीही घाईत.

'लहान नकोत' हे मोजायचं कसं? इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका पट्टीत मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात: वर मात्रा, वेलांटी, रफार, मधे अक्षराचा गाभा, खाली उकार. बोर्ड करणारा संगणकावर दोन्ही शब्द सारख्या उंचीच्या चौकटीत बसवतो आणि टेप लावून दाखवतो, बघा, सारखे. पण नावात 'मूर्ती' असेल तर वर रफार आणि वेलांटी, खाली दीर्घ ऊकार, आणि त्या दोन मजल्यांमधे चेपलेला गाभा शेजारच्या इंग्रजी अक्षराच्या जेमतेम निम्मा. नियम पाळला गेला, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता काही येईना. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी गाभा इंग्रजी कॅपिटलांच्या उंचीचा धरला आणि मात्रांना बोर्डाच्या बाहेर डोकावू दिलं. अशा पाट्या थोड्या आहेत, पण आहेत. काहींनी उलट इंग्रजी अक्षरांचे तुकडे जोडून देवनागरी बनवली, उलटा इंग्रजी 'जे' घेऊन त्याला 'र' म्हटलं. ती मला बघवत नाही. त्यापेक्षा सरळ 'बलू' वापरलेला बरा. 'एक टाइप' या संस्थेनं केलेला हा जाडजूड, गुबगुबीत फॉन्ट फुकट मिळतो, सुरुवातीला तो एकाच वजनात होता, आणि देवनागरीत इतकं जाड अक्षर करायचं तर रेघा जिथे भेटतात तिथे त्यांना बारीक कसं करत न्यायचं हे त्यात बघण्यासारखं आहे. नाहीतर 'क्ष' आणि 'श्री' यांच्या पोटात शाई साचते.

त्याच घाईत 'ल' आणि 'श' पण हरवले. मराठी 'ल' दोन गोल पाकळ्यांचा, मराठी 'श' देठाचा. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ही रूपं स्पष्ट केलेली आहेत. पण संगणकात जो फॉन्ट आधीपासून बसलेला असतो त्यात बहुतेक वेळा हिंदी वळण असतं आणि बोर्डवाल्याला ते खटकत नाही. हातानं रंगवणाऱ्या पेंटरच्या पाटीवर मी हिंदी 'ल' क्वचितच पाहिलाय.

पेंटर म्हटलं की मला कोल्हापूर आठवतं. तिथे हा शब्द जवळजवळ पदवीसारखा वापरतात. बाबूराव पेंटरांचं आडनाव खरं तर मेस्त्री, पण चित्रपटाच्या इतिहासात ते पेंटरच राहिले. गंगावेशीच्या बाजूला एक वयस्क पेंटरमामा फ्लेक्सच्या जमान्यातही ट्रॉल्या, देवळांचे फलक आणि तालमींची नावं रंगवत होते. मी परवानगी घेऊन बाजूला उभी राहिले. त्यांनी खडूची दोरी ताणून दोन रेषा मारल्या, काठीवर मनगट टेकवलं आणि 'श्री'पासून सुरुवात करण्याऐवजी आधी सगळ्या नावाचे उभे दंड टाकत गेले. कुंपणाचे खांब रोवावेत तसे नुसते दंड, कुठे दोन जवळ, कुठे लांब. मग गोलाई, मग काने-मात्रा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. मी विचारलं, आधी दंडच का? "ताई, दंड बरोबर पडलं की अक्षर आपसूक जाग्यावर बसतंय. रेघ काय, ती कुठंबी वढता येती." बोलता बोलता ते 'शाहू'च्या 'हू'ची शेपटी वळवत होते, त्यामुळे पुढचं काही बोलले नाहीत.

संगणकावर शिरोरेषा आयती मिळते आणि म्हणूनच आमची नजर तिच्यावर खिळते; दंडांमधल्या मोकळ्या जागा बघायच्या राहून जातात. आता मी नाव मांडताना शिरोरेषा पुसून टाकते. नुसते दंड आणि गोलाई ठेवते, अंतरं जुळवते आणि मगच रेघ परत आणते. 'रमाबाई'सारख्या नावात 'मा' आणि 'बा' यांचे दोन-दोन दंड जवळजवळ येतात आणि 'र' बिचारा एकटा पडतो, हे रेघ काढल्याशिवाय दिसतच नाही.

फोटोबद्दल थोडं सांगते, कारण प्रवासात छान दिसणारा फोटो आणि कामाला येणारा फोटो यांत फरक असतो. फोनच्या रुंद लेन्सनं जवळून पाटी काढली की कडेची अक्षरं ताणली जातात. आधीच फुगीर 'ळ' आणखी फुगतो. मागे सरकायचं आणि मग झूम करायचं. पाटी डोक्याच्या वर असते, खालून काढली की शिरोरेषा अरुंद होते आणि उकार रुंद. मुंबईतले स्कायवॉक लोकांनी किती वापरले यावर वाद घाला, पण पहिल्या मजल्यावरच्या पाट्या समोरासमोर बघायची सोय दुसऱ्या कुणी केलेली नाही. एनॅमलच्या पाटीवर ऊन चकाकतं, तिला पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ मानवतं. दगडाचं उलट. कोरीव अक्षराला तिरपं ऊन लागतं, सकाळचं किंवा कलतं. दुपारी बारा वाजता तीच भिंत कोरी दिसते. आणि प्रत्येक पाटीचा एक फोटो लांबून घ्यायचा, रस्ता, झाड, वायर, सगळ्यासकट. घरी आल्यावर कारण त्याच फोटोत सापडतं.

तंजावरला मी त्या उन्हासाठीच सकाळी लवकर गेले होते. राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. आसपास तमिळ शिलालेख, आणि त्यांच्यामधे आपली अक्षरं, ओळींमागून ओळी. आजूबाजूचे लोक शिखराचा फोटो काढत होते. मी भिंतीला नाक लावून उभी, त्यामुळे एका सुरक्षारक्षकानं दोनदा येऊन पाहिलं. मला बघायचं होतं बोरूचं काय झालं ते. देवनागरीची जाड-बारीक लय तिरक्या छाटलेल्या बोरूतून आलेली. ग्रॅनाइट ती लय मानत नाही. तिथे बारीक रेघ टिकत नाही आणि छिन्नीला जाड रेघेचा आळस येतो. मग रेघ सगळीकडे जवळपास सारखीच जाड होते आणि अक्षराचं वजन रेघेतून निघून गोलाईत जातं. आज फोनच्या पडद्यासाठी जे एकसारख्या जाडीचे देवनागरी फॉन्ट करतात, त्यांना नेमका हाच प्रश्न पडलेला असतो. 'हत्यार अडलं' या फोल्डरमध्ये ते फोटो आहेत.

कमल शेडगे यांचं काम मी त्याच फोल्डरात ठेवते, आणि हे ऐकून माझा एक मित्र नेहमी भांडतो. २०२० साली गेलेल्या या माणसानं मराठी नाटकांच्या नावांना चेहरे दिले. जाहिरात उघडली की नाटक हसवणारं आहे की हादरवणारं, हे नाव वाचण्याआधी अक्षर सांगायचं. मित्र म्हणतो, ही प्रतिभा, हिला अडचणीत कशाला कोंबतेस? पण नाटकाची जाहिरात म्हणजे वर्तमानपत्राचा चिंचोळा रकाना, एकच काळी शाई, पसरणारा स्वस्त कागद आणि शेजारी दुसऱ्या नाटकाची तितकीच मोठी आरोळी. रंग नाही, फोटो छापला तर काळवंडणार. उरलं काय, तर अक्षर. सगळा अभिनय त्यालाच करावा लागला. प्रतिभा होतीच, त्यात वाद नाही; पण तिला गुळगुळीत कागद आणि चार रंग मिळाले असते तर तिनं अक्षराला इतकं राबवलं असतं असं मला वाटत नाही. मित्राला हे अजून पटलेलं नाही.

मध्यंतरी कापसाच्या व्यापारावरची एक कादंबरी मुखपृष्ठासाठी आली. पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच: कापसाचं बोंड, मावळतीचं ऊन, शेतकऱ्याची पाठ. त्याऐवजी मी यवतमाळच्या बाजूला एका जिनिंगमध्ये काढलेले फोटो उघडले. रुईच्या गाठींवर मालकाचं नाव पत्र्याच्या स्टेन्सिलनं मारलेलं होतं. 'व', 'ब', 'घ' यांच्या पोटातला तुकडा पत्रा कापताना निखळून पडू नये म्हणून कापणाऱ्यानं गोलाई दंडापाशी तोडलेली, आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापुरतीच, कारण लांब सलग चीर पाडली की पत्रा वाकतो. गोणपाटाचा पोत मला नको होता, तो फुकट मिळतो आणि हल्ली प्रत्येक 'ग्रामीण' पुस्तकावर असतो. मला ती तोडण्याची जागा हवी होती. नावात 'व' आणि 'ब' दोन्ही होते. पत्रा कापायचाच आहे असं धरून मी अक्षरं काढली, मोठ्या आकारात ती ताठ उभी राहिली, पण ऑनलाइन दुकानातल्या नखाएवढ्या चित्रात तोडलेल्या फटी बुजून गेल्या. मग त्या आकारासाठी फटी रुंद करून दुसरा संच काढला.

प्रकाशकांनी मुखपृष्ठ घेतलं. छपाईच्या आधी फोन आला, नाव छान आहे, पण लेखकाचं नाव मात्र तुटकं नको, त्यांच्या सासरेबुवांना ते पुसल्यासारखं वाटतंय. लेखकाचं नाव 'मुक्ता' या साध्या फॉन्टात टाकलं आणि फाइल पाठवून दिली.