उभ्या गाडीचा गंज



गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामात एक वेगळेच काम चालले होते, त्याची हकीकत आज लिहीत आहोत. मननाचे चार शब्द वाचायला आलेल्यांना मध्येच रॉकेलचा वास येईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

काम होते मास्तरांची येझ्दी पुन्हा चालू करण्याचे. मास्तर म्हणजे आमच्या आधीचे धर्मशिक्षक. पहिल्या कम्युनियनची तयारी करून घ्यायला ते घरोघर जात, ते याच गाडीवरून. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची ही गाडी. अडीचशे सीसीचे इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांची दांडी एकच. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण आमच्याकडे हुबळी-धारवाडच्या रस्त्यावर अजूनही एखादी दिसते, आणि दिसण्याआधी ऐकू येते. आम्ही लहान असताना याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून, हातात प्रश्नोत्तरांचे पुस्तक धरून, कितीतरी वस्त्या पाहिल्या.

मास्तर गेले त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून गाडी काकूंच्या परसात गळक्या पत्र्याखाली उभी होती. पुण्याचा मुलगा म्हणाला, भंगारात द्या. काकू म्हणाल्या, "चालू झाली तर धर्मग्रामालाच ठेवा. आजाऱ्यांकडे जायला उपयोगी पडेल." त्यांनी हे सहज म्हटले असेल. आम्हाला मात्र त्या वाक्यानंतर त्यांच्याकडे बघवले नाही. कारण पुढे येईल.

आम्ही पडलो कलाशाखेचे. इंजिनातले आम्हाला काय कळते? पण युवक संघातली तीन मुले उत्साही होती, आणि धर्मग्रामातले एक मामा रेल्वेच्या हुबळी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. १८८५ सालचा तो वर्कशॉप. मामा त्याचे नाव एखाद्या तीर्थस्थानाचे घ्यावे तसे घेतात. त्यांनी पहिल्याच दिवशी किक दाबून पाहिली. ती हलली नाही. "पिस्टन धरलाय," ते म्हणाले. "जोर लावाल तर मोडाल." प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑईल ओतून आठ दिवस तशीच ठेवायला सांगितली. आठ दिवसांनी ब्लॉक उतरवला, लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत पिस्टन बाहेर काढला.

तेव्हा एक गोष्ट पाहिली. ब्लॉकच्या आत पिस्टनने जेवढी जागा झाकली होती, तेवढी अजून चकचकीत होती. सायलेन्सरकडच्या उघड्या तोंडातून जिथे सहा पावसाळ्यांची ओल आत आली, तिथे तांबडा गंज खड्डे पाडून बसला होता. मामा म्हणाले, "बघा, ही गाडी तीस वर्षं राबली, तेव्हा हिला काही झालं नाही. उभी राहिली आणि सडली." या जातीच्या इंजिनात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. गाडी चालते तोवर प्रत्येक फेऱ्याला आतल्या लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरतो. थांबली की तो हात थांबतो.

आम्ही त्या रात्री मत्तयचा सहावा अध्याय उघडला. पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर आणि जंग लागते, असे प्रभू तिथे सांगतो. आपल्या मराठी बायबलात 'जंग' असले तरी मूळ ग्रीक शब्दाचा साधा अर्थ 'खाणे' असा आहे. ब्लॉकमध्ये बोट घालून पाहिल्यावर तो अर्थ पटला. लोखंडाचा गंज खपलीसारखा सुटतो आणि खालचे नवे लोखंड हवेला उघडे पडते, म्हणून तो थांबतच नाही. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो, पण तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला राखतो. एकाच हवेत दोन धातू, आणि एवढा फरक.

हा फरक आम्ही ऐकला, वहीत लिहून घेतला आणि विसरलो.

सफाईचे काम लांबले. चेंबरच्या ॲल्युमिनियमला रॉकेल आणि पितळी तारेचा मऊ ब्रश. पॅकिंग बसते त्या सपाट जागेला एमरी पेपर अजिबात नाही, लाकडी पट्टीने खरवडायचे. एका मुलाने बाहेरून वाळूचा मारा करून घेऊ या म्हटले, तर मामा चिडले. वाळूचा एक कण चेंबरमध्ये राहिला तरी बेअरिंग खातो. गंजलेले नट-बोल्ट काकूंनी चिंचेच्या पाण्यात घातले. ईस्टरच्या आधी वेदीवरचे पितळी समईदांडे आपल्या बाया चिंचेनेच उजळतात, तीच युक्ती. रात्रभरात गंज सुटला. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारायचा, पुसायचे, लगेच ऑईल. 'लगेच' हा शब्द मामांचा. लेथवाल्याकडून बोअर करून आणलेला ब्लॉक आम्ही साबणाच्या गरम पाण्याने धुतला आणि देवदूताच्या संदेशाची घंटा झाली म्हणून प्रार्थनेला उभे राहिलो. बाहेर आपली धारवाडी रिमझिम चालूच होती. प्रार्थना संपवून पाहतो तर नव्या चकचकीत लोखंडावर नारिंगी छटा. दहा मिनिटे झाली नव्हती. मामा हसले, "आधी ऑईल लावायचं, मग हात जोडायचे. देव थांबतो, गंज थांबत नाही." फादरांना हे वाक्य सांगितले तेव्हा तेही हसले.

आता चूक. सायलेन्सरच्या आतल्या नळ्यांवर काजळीचा दगड झाला होता. त्यासाठी कॉस्टिक सोडा गरम पाण्यात कालवला होता, हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर. लोखंडी नळ्या त्यात सुंदर निघाल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर इंजिनाचे हेड दिसले, त्यावरही काजळी. तेही त्याच बादलीत सोडले आणि घरी गेलो. हेड ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक ॲल्युमिनियम विरघळवतो. सकाळी बादलीतून काढले ते काळे पडलेले, पंखे झिजलेले, पॅकिंगची जागा चाळणीसारखी. इथे 'आम्ही' म्हणजे ती मुले नव्हेत. या लेखात 'आम्ही' लिहिणारे आम्ही एकटेच.

हेड घेऊन काकूंकडे गेलो. मास्तरांच्या गाडीचा तो तुकडा टेबलावर ठेवला आणि सांगितले. त्या म्हणाल्या, "अरे, हेड मिळतं की बाजारात." आमचे पाय मात्र निघेनात. कारण सांगायचे ते हेडचे नव्हतेच.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाचा वर्ग मराठीतून कन्नडात आणला तो आम्ही. मुले कन्नड शाळेत जाणारी, मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. आजही तो निर्णय चूक वाटत नाही. पण मास्तरांना न विचारता घेतला. ते वर्गाला येणे बंद झाले, आम्ही त्यांच्याकडे जाणे बंद झालो. भांडण असे झालेच नाही. ते आजारी पडले तेव्हा दर रविवारी मिस्सा सुटल्यावर ठरवत असू, पुढच्या आठवड्यात जाऊ. असे अकरा आठवडे गेले. दोघांच्या घरांमध्ये अंतर दीड किलोमीटर. धर्मग्रामातल्या इतर आजाऱ्यांकडे त्याच काळात आम्ही जात होतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होतो. अंत्यविधीला पहिले वाचनही आम्हीच केले.

हे सगळे काकूंना सांगितले. यहेज्केलच्या चोविसाव्या अध्यायात गंजलेल्या हंड्याचा दाखला आहे. रिकामा हंडा निखाऱ्यावर ठेवला तरी गंज सुटत नाही. त्याच अध्यायात संदेष्ट्याची पत्नी मरते आणि त्याला रडायचीही परवानगी नसते. आम्ही तो अध्याय वर्गात कधी शिकवत नाही, अवघड आहे. काकूंपुढे बसल्यावर तोच आठवला.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रविवारी दुपारी मला विचारायचे, आज वर्गाला किती पोरं होती. मला काय माहीत? मी आपली रोज वीस सांगायची." आणि मग, "बरी होती का रे तेवढी?" 

तेवीस होती, आम्ही म्हणालो.

त्यांनी क्षमा केली का, ते विचारण्याची हिंमत झाली नाही. चहा दिला. पापनिवेदनाला आम्ही त्या शनिवारी गेलो ते वेगळे.

म्हैसूरहून जुने पण सरळ हेड मिळाले. ब्लॉकला बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग, पातळ तीन हात, आत फक्त ऑईल. नवा पिस्टन, नव्या रिंगा. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मदिवसाच्या आदल्या संध्याकाळी सातव्या किकला ती सुरू झाली. आवारभर निळा धूर झाला. काकू पदराने नाक धरून उभ्या होत्या.

सध्या गाडी आजाऱ्यांना कम्युनियन पोहोचवायला जाते. जिथे काम नसेल त्या आठवड्यातही शनिवारी कुणीतरी सुरू करून, पाच-सात किलोमीटर फिरवून आणायची, अशी पाळी मामांनी भिंतीवर लावली आहे. नुसती जागच्या जागी सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी धरते, म्हणून फिरवायचीच. या शनिवारी पाळी आमची आहे. काकूंच्या घरावरून जाऊ.