रक्ताचे औषध, मेंदूची आशा

आम्ही पडलो इंजिनियर. रक्त, पेशी, हार्मोन ह्या प्रांतात आमची मजल बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत. पण घरची वडीलधारी मंडळी भारतात असली, की चाळिशीनंतर आपल्यासारख्यांना अर्धे डॉक्टर व्हावेच लागते!

'एरिथ्रोपॉयटिन', म्हणजे ईपीओ, हे नाव आमच्या घरात आले ते काकांच्या डायलिसिसमुळे. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे हे हार्मोन सोडतात. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या लाल पेशींपैकी पुष्कळशा मोठ्या होण्याआधीच मरतात. ईपीओ त्यांचे ते मरण टाळते. मूत्रपिंडे बिघडली की ईपीओ कमी आणि रक्तही कमी. १९७७ साली शिकागोचे गोल्डवासर आणि जपानचे मियाके ह्यांनी २,५५० लिटर लघवीतून ते शुद्ध स्वरूपात काही मिलिग्रॅम मिळवले! १९८९ साली अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनाला मंजुरी मिळाली. त्याच इंजेक्शनांनी आमचे काका पुन्हा जिना चढू लागले.

पुढे संशोधकांना दिसले, की ईपीओचे काम मेंदूतही चालते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्राण्यांना ते टोचल्यावर मेंदूची इजा कमी झाली. २००२ साली जर्मनीतल्या थोड्या रुग्णांवरही चांगला गुण दिसला. साहजिकच आशा वाढली.

म्हणूनच दादांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा वहिनींचा फोन आला, "भावजी, काकांचं ते इंजेक्शन म्हणे मेंदूच्या पेशी वाचवतं. तुम्ही तिकडे आहात, मिळवून पाठवा ना!"

आम्ही दोन रात्री वाचत बसलो. पूल छोट्या मॉडेलवर टिकला म्हणून त्यावरून कोणी आगगाडी सोडत नाही. इथेही खरी परीक्षा मोठ्या चाचणीतच झाली होती. २००९ साली ५२२ रुग्णांच्या जर्मन चाचणीचा निकाल आला. फायदा दिसलाच नाही. उलट ईपीओ दिलेल्यांत शेकडा १६ हून अधिक दगावले, न दिलेल्यांत ९. जन्मताना गुदमरलेल्या ५०० बाळांवरची अमेरिकेतली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तिथेही उपयोग झाला नाही. शिवाय ह्या औषधाने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. रक्त न वाढवता फक्त पेशी वाचवील असा ईपीओचा भाऊबंद शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण झटक्यावरचे औषध म्हणून तो अजून दवाखान्यात पोचलेला नाही.

"वहिनी, काकांना ते लागतं, दादांना नको," असे सांगताना जड गेले. इतक्या लांबून काहीतरी पाठवता आले, की आपलेच समाधान होते हो! पण दादांना गरज होती व्यायाम करून घेणाऱ्या माणसाची. त्याचा खर्च आम्ही उचलला. आज दादा काठी घेऊन अंगणात फिरतात.

वाचकहो, घरच्यांना एवढे जरूर सांगून ठेवा: तोंड वाकडे झाले, हात गळला, बोबडी वळली, तर थेट मोठ्या इस्पितळात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तिथे आपला फोन लागेपर्यंत थांबू नका म्हणावे!