खतावणीवरील तांबडी रेघ

आज पहाटे आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातील हनुमानाच्या देवळातली घंटा ऐकली, आणि उशाशी गोळी व पाण्याचा तांब्या जागच्या जागी पाहून जे स्वास्थ्य लाभले, ते पगाराच्या दिवशीही क्वचितच लाभते. कारण गोळी चुकली तर पगारही चुकतो, हा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

पहिली नोकरी एका पेढीवर, खतावणीची. रुजू होताना अपस्माराचा उल्लेख मी अर्जात केला नव्हता, आणि दिवाळीच्या चोपड्यांपायी सलग दोन रात्री जागरण घडून गोळीही चुकल्यावर, भर दुपारी, लेखणी हातात असतानाच झटका आला. शुद्धीवर आलो तो नाकाशी कुणाची तरी चप्पल, दातांत कोंबलेल्या चमच्याने फुटलेला ओठ, आणि जमेच्या रकान्यातून घसरत गेलेली तांबड्या शाईची लांब रेघ. चौथ्या दिवशी मालकांनी अत्यंत सौजन्याने माझा हिशेब चुकता केला. (ते सौजन्यच अधिक बोचले.)

कायद्याची गतीही विलक्षण! हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली वगळला गेला, परंतु दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र स्थान नाही. म्हणजे लग्नाला आम्ही धडधाकट, आणि सवलत मागू गेलो तरी धडधाकटच.

सध्याच्या दुकानात मात्र पहिल्याच दिवशी सारे सांगून टाकले: जागरण नको, शिडी नको, पडलोच तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटे उलटली तर इस्पितळ गाठावे. दुकानातल्या पोऱ्याने ते हिंदीत पुठ्ठ्यावर उतरवून गल्ल्यामागे टांगले आहे, ‘करवट’ या शब्दाखाली दोन रेघा ओढून.