लग्नपत्रिका : एक हस्तलिखित

लग्नपत्रिका हा मराठी गद्याचा असा एक प्रकार आहे, की ज्याला लेखक नाही आणि, खरे पाहता, वाचकही नाही. पत्रिका हाती आली की आपण दिवस, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता पाहतो. कोणाचे नाव राहिले, कोणाचे वर गेले, एवढे घरातील वडीलधारी मंडळी तपासतात. उरलेला मजकूर डोळ्यांखालून नुसता सरकतो. तो छापखान्यातील नमुन्यांच्या वहीतून आलेला असतो. क्रमांक सांगायचा, नावे द्यायची, मुद्रिते तपासायची, की झाले. एरवी जाहिरातीपासून मृत्युलेखापर्यंत सगळ्याकडे ‘संहिता’ म्हणून पाहणारे आम्ही मराठीचे अध्यापकही या मजकुराच्या वाटेस सहसा जात नाही. आम्ही दोघे गेलो, ते २००७ साली आमच्या लग्नाच्या २४० पत्रिका हाताने लिहिल्या म्हणून.

यात कलेची हौस होती तशी काटकसरही होती. आमच्यापैकी एकाची नोकरी तेव्हा तासिका तत्त्वावर होती. ती नोकरी काय असते हे या पानाच्या वाचकांस सांगायला नको. शिवाय हाताशी मोकळे दिवसही होते. विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचा होता आणि त्यासाठी नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते. ती नोटीस कार्यालयाच्या भिंतीवर लागते. कोणाची हरकत असल्यास त्याने पुढे यावे, असा तिचा आशय. म्हणजे एका परीने तीही पत्रिकाच, फक्त हरकतदारांना धाडलेली. या तीस दिवसांत आम्ही दुसरी पत्रिका लिहायला घेतली.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणला. चिंध्यांचा लगदा करून, तो चाळणीवर उचलून, दाबून वाळवलेला ताव बावीस बाय तीस इंचांचा असतो. त्याच्या चार गुणिले चार अशा घड्या घातल्या की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. पंधरा तावांचे २४०. आमच्या लग्नाची माणसे ठरली ती अशी, तावांच्या हिशेबाने. आणखी तीन ताव चाचणीसाठी घेतले होते. कात्री लावली की हातकागदाची कड मरते. म्हणून घडीवर ओल्या कुंचल्याची रेघ ओढायची आणि कागद हलक्या हाताने फाडायचा. जुने कागदी कारागीर तावाला खळ देऊन तो दगडाने घोटून गुळगुळीत करीत, ते का, हे पहिल्या दिवशीच कळले. खळ कमी असलेल्या तावावर शाई पसरते आणि अनुस्वाराचा काजवा होतो. पोलादी निब कागदाच्या तंतूंत अडकते; बोरू अडकत नाही, पण दर वीसेक पत्रिकांनी तो पुन्हा तासावा लागतो आणि प्रत्येक तासणीबरोबर अक्षराची जाडी किंचित बदलते. पत्रिका मोडीत लिहावी अशी सूचना एका मित्राने उत्साहाने केली होती. पण जे निमंत्रण वाचायला पुरालेखागारातून माणूस आणावा लागेल, त्याला निमंत्रण कसे म्हणावे?

एका पत्रिकेस बारा मिनिटे लागत. निम्म्या एकाच्या अक्षरात, निम्म्या दुसऱ्याच्या. यात कोणाच्या नातेवाइकांना कोणाचे अक्षर, अशी वाटणी आम्ही केली नाही, जे अक्षर पुढे येईल ते गेले. शेवटी प्रत्येक कुटुंबासाठी एक वेगळी ओळ होती. एकाला त्याच्या अंगणातल्या जाईची फुले आण म्हटले होते, तर कोणाला संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ कळवली होती. यातून एक गंमत झाली. दोन सख्ख्या काकांनी आपापल्या पत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या आणि धाकट्यांची ओळ अधिक जिव्हाळ्याची आहे, अशी थोरल्यांची तक्रार आली. पाठभेदांवरून वाद होतात तो केवळ ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून नव्हे!

पण हाताने लिहिण्याचा खरा परिणाम वेगळाच होता. छापील नमुन्यातील शब्द निवडावा लागत नाही. हाताने लिहिताना तो २४० वेळा लिहावा लागतो, आणि कोणताही शब्द इतक्या वेळा लिहायचा म्हटले की तो काय म्हणतो हे ऐकू येऊ लागते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यापाशी फार अडचण नव्हती. जुन्या पत्रिकांतील ‘यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ हे वाक्य तर आज वाचताना हसू येते; तेव्हाच्या लोकांना त्यात काही अवघड वाटत नसावे, हेही विचार करण्याजोगे आहे. हात अडला तो नावांमागील अक्षरांपाशी.

‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ वर आयुष्यमान असावा, एवढेच त्याच्या उपपदाचे म्हणणे. वधू मात्र चिरंजीव असून सौभाग्यकांक्षिणीही आहे, म्हणजे पतीच्या असण्याची इच्छा धरणारी. लग्न लागले की तिच्यातील ‘कांक्षिणी’ गळते आणि ‘सौ.’ उरते. पती गेला की ‘सौ.’ही गळते आणि ‘गं. भा.’ लागते. पुरुष चि. चा श्री. होतो आणि मरेपर्यंत श्री. च राहतो, त्याची पत्नी आहे, नाही, होती, यातले काहीही त्याच्या नावावरून कळत नाही. बाईच्या बाबतीत मात्र नावाआधीची दोन-तीन अक्षरे तिच्या नवऱ्याची खबर देत राहतात. याउलट विवाह अधिकाऱ्याकडील नोटिशीच्या नमुन्यात ‘स्थिती’ असा रकाना असतो, अविवाहित, विधुर, घटस्फोटित असे काय ते लिहायचे. पण तो दोघांनाही सारखाच असतो. त्या रुक्ष कागदात जी समानता आहे ती नमुन्याच्या वहीतल्या रसाळ मजकुरात नाही.

तेव्हा उपपदे काढून टाकायची, असे आम्ही ठरवले. वर्गात हे सोपे असते. घरात दोन आया होत्या. सोयीसाठी एकीला साताऱ्याच्या आई म्हणू, दुसरीला नाशिकच्या आई.

साताऱ्याच्या आई म्हणजे वधूची आई. पतीला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलीचे शिक्षण एकटीने केलेले. निमंत्रक म्हणून नाव कोणाचे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर तयार होते. “काकांचं घाला. माझं कशाला? लोक नाव वाचतात आणि मग बोलतात.” नाशिकच्या आईंचा आक्षेप अगदी उलट बाजूने आला. “एकतीस वर्षं लावतेय मी ते सौ. आता पोराच्या पत्रिकेवरून काढून टाकायचं? काय म्हणून?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होते, आणि ते त्यांना देण्याजोगे नव्हते. स्त्रीवादी समीक्षेवरची आमची टाचणे खोटी नव्हती. पण त्या दोन अक्षरांत एका बाईने तीन दशकांचा संसार साठवला होता, आणि तो आमच्या बोरूने खोडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, हेही खरेच. एकीला नाव नको, दुसरीला नावाआधीचे अक्षर हवे. दोघींचे कारण मात्र एकच शब्द होता.

मार्ग सुचला तो साक्षीदारांवरून. या कायद्याने विवाहाला तीन साक्षीदार लागतात, आणि त्यांतील एक साताऱ्याच्या आईंनी व्हावे असे ठरलेलेच होते. विधवेची सही कायद्याला चालते, मग पत्रिकेला का चालू नये? आम्ही निमंत्रकांची नावे लिहिलीच नाहीत, जागा कोरी सोडली आणि तिथे त्यांनी स्वतः सही करावी असे सुचवले. छापील नावाला कोणीतरी उपपद जोडतो. सहीला जोडायचे की नाही हे सही करणारा ठरवतो. साताऱ्याच्या आई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “आणा इकडे. हजेरीपटावर रोज करतेच की.” रात्री साडेअकरापर्यंत त्यांनी २४० सह्या केल्या, नुसते नाव आणि आडनाव. गठ्ठा नाशिकला गेला. तिथल्या आईंनी प्रत्येक सहीआधी ठसठशीत ‘सौ.’ लिहिले, २४० वेळा. वडिलांची सही नेहमीप्रमाणे कोणालाच लागली नाही. पत्रिका तशाच गेल्या.

विवाहविधीचा मजकूर कोणी लिहायचा हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह भटजीशिवाय लागला, आणि १८८७ मध्ये जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तकच काढले. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात; वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते. विधीत बदल करायचा तर आधी त्याच्या शब्दांना हात घालावा लागतो, हे जोतीरावांना पक्के ठाऊक होते. आम्ही केले ते त्यामानाने अगदीच किरकोळ. आमची मंगलाष्टके आम्ही रचली आणि उरलेल्या कागदावर लिहून वाटली. शार्दूलविक्रीडिताचे गण म स ज स त त ग, बाराव्या अक्षरावर यती. यात नावे बसवताना भल्याभल्यांना वधूच्या नावातील ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करावी लागते. साताऱ्याच्या आईंचे नाव दोन गुरू अक्षरांचे, म्हणून ते वृत्ताच्या अगदी आरंभी निर्वेध बसले. त्या वेळी त्या पाठमोऱ्या उभ्या राहून अक्षता वाटत होत्या.

सजावटीबद्दल फार लिहीत नाही. त्या काळी व्यासपीठामागे थर्माकोलची नावे आणि त्यांवर चमकी हे ठरलेले असे. पुढे २०१८ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. आम्ही पतंगी कागदाच्या पताका केल्या, जत्रेत असतात तशा, सुतळीवर चिकटवलेल्या. मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे किडे लागत नाहीत, हे साताऱ्याच्या आईंचे ज्ञान. त्यांच्या हाताला अशा कामाची विलक्षण सवय होती. आळीतल्या कितीतरी मुलींच्या रुखवताची सप्तपदी, मोत्यांच्या मुंडावळ्या, भातुकलीचा संसार त्यांनी केला होता, आणि वैधव्यानंतरही करीत आल्या. फक्त तयार झालेले ताट कार्यालयात मांडायला दुसरी कोणी नेई. हाताने केलेल्या वस्तूंविषयी आज जे भाबडे कौतुक चालते, ते ऐकताना आम्हांला ही ताटे आठवतात. वस्तू हाताची असते, पण तो हात कोणाचा हे दाखवायची सोय प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

आणि हेही नमूद केले पाहिजे. सह्या झाल्यावर पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे होते. आम्ही वाटी साताऱ्याच्या आईंपुढे ठेवली. त्यांनी ती शेजारच्या काकूंकडे सरकवली. “सही केली ना मी,” एवढेच म्हणाल्या. काकूंनी २४० कोपरे लावले. आईंनी एकेक पत्रिका वाळायला पसरली. आम्ही आग्रह केला नाही.

आता आमचे विद्यार्थी निमंत्रणाची चित्रफीत मोबाइलवर धाडतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या निर्बंधांनी लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकावे लागत होते, तेव्हापासून हे अधिकच रुळले. सनईऐवजी गिटार असते, जोडपे टेकडीवर धावत येते. आणि अक्षरे उमटतात ती ‘चि. सौ. कां.’ अशीच. नमुन्याच्या वहीची जागा तयार साच्याने घेतली, मजकूर तोच राहिला. शैलीविज्ञानाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना घरातल्या तीन पिढ्यांच्या पत्रिका आणायला सांगतो. कागद, टंक, देवाचे चित्र यांतील बदल ते झटकन टिपतात. न बदललेले दाखवून द्यावे लागते. एकदा एका मुलीने विचारले, “सर, पण आजीला हे काढलेलं आवडलं नाही तर?” आम्ही तिला नाशिकच्या सहीची हकीकत सांगितली. तिचे समाधान झाले, असे वाटले नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. पुढच्याच वर्षी विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे अशी सूचना मंत्रालयातून पुढे आली आणि तिच्यावर टीकाही झाली. साताऱ्याच्या आईंनी दोन्ही बातम्या वाचल्या, त्यावर बोलल्या मात्र काही नाहीत. २०२४ च्या हिवाळ्यात त्यांच्या पुतणीच्या मुलीची पत्रिका आली, छापील, जाड, सोनेरी कडांची. निमंत्रकांच्या रांगेत त्यांचे नाव होते, आधी ‘गं. भा.’ होते. त्यांनी ती दोन अक्षरे पेनने खोडली, लग्नाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिली आणि मुंडावळ्यांसाठी मोती किती लागतील याचा हिशेब सांगू लागल्या.