नावाची आंघोळ

आजचा धागा नेहमीसारखा नाही. त्यात पानिपत येईल, पण तोफा आणि घोडदळाच्या हालचाली येणार नाहीत. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांनी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत कळवली आहे: बातम्या वाचवत नाहीत आणि वाचल्यावाचून राहवतही नाही. मी मानसशास्त्राची नव्हे, इतिहासाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे उपाय सांगण्याचा अधिकार मला नाही. तरीही या तक्रारीचा एक धागा माझ्या अभ्यासात सापडला आणि त्याचे दुसरे टोक माझ्याच घरात निघाले, म्हणून हे लिहीत आहे.

मे २०२१. टाळेबंदीमुळे मी येलदरीला घरी होते. पूर्णेवरच्या धरणाखालचे आमचे गाव उन्हाळ्यात तसेही निपचित असते; त्या वर्षी तर कुत्रीही भुंकत नव्हती. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर मिळे, म्हणून मी दिवसदिवस गच्चीवर असे. प्राणवायूचे सिलिंडर, रिकाम्या खाटांचे आकडे, नदीकाठच्या चिता, आणि समूहांवर एकामागून एक येणारी नावे. प्रत्येक नावाखाली मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहीत असे. पुढेपुढे पहिली दोन अक्षरे दाबली की उरलेले शब्द मोबाइलच सुचवू लागला.

एका दुपारी असेच एक नाव आले. मी ते दोन शब्द पाठवले आणि पुढच्या बातमीकडे वळले. काही वेळाने खालून आईच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला कळले की ते नाव मामांचे होते. आईचे ते मावसभाऊ. मी आठ वर्षांची असताना मला मोटारसायकलवर पुढे बसवून चारठाण्याची जुनी देवळे दाखवायला त्यांनीच नेले होते. आज मी इतिहास शिकते त्याचे मूळ त्या दिवसात आहे. त्यांचे पूर्ण नाव मी वाचले होते, त्यावर श्रद्धांजलीही वाहिली होती. बातमी मात्र माझ्यापर्यंत आलीच नव्हती.

त्या दिवशी मला रडू आले नाही. पुढेही कित्येक महिने आले नाही. झोप उडाली होती. मी कोरडी झाले आहे, माणूस म्हणून काहीतरी बिघडले आहे, असे वाटून मी ते कोणाला सांगितले नाही.

आता परतूरकडे वळू. जिंतूरहून मंठा ओलांडले की परतूर येते. आज ते जालना जिल्ह्यात असले, तरी १९८१ पर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यातच होते. उदगीरची लढाई जिंकल्यानंतर १७६० च्या आरंभी पेशव्यांची खलबते याच परतुरात झाली आणि मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. पानिपताचा रस्ता आमच्या अंगणाजवळून सुरू झाला, हे आमच्याकडच्या किती मुलांना ठाऊक असेल? (मलाही एम. ए.ला येईपर्यंत नव्हते.)

माझा प्रबंध लढाईवर नाही, लढाईच्या बातमीवर आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने यमुना ओलांडून भाऊंची वाट रोखली आणि त्यानंतर दक्षिणेकडे येणारी पत्रे आटत गेली. नानासाहेब पेशवे स्वतः कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्व संपले, आणि महिना सरण्याआधी नानासाहेबांच्या हाती वाटेत एक पत्र पडले. ते त्यांच्यासाठी नव्हते. एका सावकाराचा कासीद ते औरंगाबादेच्या पेढीवर घेऊन चालला होता. मजकूर सांकेतिक होता. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजता न येणारा खुर्दा गमावल्याची ती नोंद तुम्ही सर्वांनी शाळेत ऐकली आहे. दोन मोती म्हणजे भाऊ आणि जेमतेम अठरा वर्षांचे विश्वासराव. बापाला मुलाच्या मृत्यूची वार्ता जमाखर्चाच्या भाषेत कळली.

त्यानंतरचे आठवडे मला त्या पत्राहून अधिक भयंकर वाटतात. नानासाहेब माळव्यातच थांबून राहिले. रणातून निसटलेली माणसे येत होती आणि प्रत्येकाजवळ हकिकतीचा एकेक तुकडा होता. त्यांत तरुण नाना फडणीसही होते. ते विश्वासरावांच्याच वयाचे. त्या पळापळीत त्यांची आई गेली होती. एकाने भाऊंना पडताना पाहिले, दुसऱ्याने पाहिले नाही, तिसऱ्याने ते जिवंत असल्याचे ऐकले. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर नानासाहेब वारले. ‘पानिपताच्या धक्क्याने’ असे आपण सरसकट लिहितो. ते लढाईच्या आधीपासूनच आजारी होते, हे आपल्या धाग्यांतही बहुधा गाळले जाते. बातमीने माणूस मरतो हे वाक्य सुंदर आहे, पण इतके सरळ नाही.

घराघरातली बांगडी फुटली असे म्हणतात. मी टिपणांच्या वहीत प्रश्न लिहिला होता: कोणत्या दिवशी? उत्तर असे एका दिवसाचे नाहीच. कोणाकडे फाल्गुनात माणूस परतला, कोणाकडे चैत्रात निरोप आला, कोणाकडे काहीच आले नाही. बातमी घरोघर वेगळ्या पावलांनी गेली असणार. उशिरा कळलेल्या मृत्यूचे घरात काय करीत, हे शोधताना मी ‘धर्मसिंधु’ उघडला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी हा ग्रंथ पानिपतानंतर सुमारे तीस वर्षांनी, १७९० च्या सुमारास पूर्ण केला.

त्यात उशिरा कळलेल्या मृत्यूचे सविस्तर गणित आहे. वार्ता दहा दिवसांच्या आत आली, तर उरलेले दिवस सुतक. दहा दिवस उलटून गेले असले आणि तीन महिन्यांच्या आत कळले, तर तीन दिवस. त्याहून उशीर झाला, तर आणखी कमी. वर्ष लोटल्यावर कळले, तर नुसती आंघोळ. आईवडिलांचे मात्र कधीही कळले, तरी मुलाला पूर्ण दहा दिवस. ज्याचा देहच मिळाला नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांची आकृती करून तिचे दहन करायचे.

‘एखाद्याच्या नावाने आंघोळ करणे’ हा वाक्प्रचार आपण कायमचा नाद सोडण्याच्या अर्थाने, बहुधा चिडून वापरतो. त्याच्या मुळाशी हा विधी आहे. त्या पानावर मी बराच वेळ अडकले.

या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. याच शास्त्रपरंपरेत वर्णाप्रमाणे सुतकाचे दिवस बदलतात आणि विधवेच्या वाट्याला जे येते ते आयुष्यभर संपत नाही. तथापि एक गोष्ट तिला नेमकी ठाऊक होती. आलेल्या प्रत्येक वार्तेला ती विचारत असे, ही कोणाची, आणि हिच्यासाठी मी किती दिवस थांबायचे? उत्तर कधी दहा दिवस असे, कधी एक तांब्या पाणी, कधी काहीच नाही. गच्चीवर बसून मी वाचलेल्या शेकडो नावांना एकच उत्तर होते, दोन शब्दांचे, सर्वांना सारखे. त्यात परका माणूस जवळ आला नाही. जवळचा तेवढा परका झाला.

आणि वार्ता पुरी झालीच नाही तर? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या. पती गेल्याचे त्यांनी मान्य केले नाही आणि त्या सौभाग्यचिन्हांसह जगत राहिल्या. मी भाऊ आहे म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याला माणसे मिळाली, सैन्य मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत ते प्रकरण मिटले नाही. तोतयाची गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतो. मला आता त्यात पंधरा वर्षे अर्धवट राहिलेली एक बातमी दिसते. आपल्या हातातला पडदा वर सरकवत राहावा, आणि शेवटचे वाक्य कधी येऊच नये, तशी.

बातम्यांकडे पाठ फिरवणारे आपण एकटे नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांनी आपण कधीकधी किंवा वारंवार बातम्या टाळतो असे सांगितले. २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. अशांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. माझी आजी त्यांच्यापैकीच एक. त्या मे महिन्यात तिने टीव्हीची पिन काढून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली होती. मी वाद घातला, जगात काय चालले आहे ते कळायला नको का? ती म्हणाली, “किती जणाच्या नावानं आंघोळ करावं, माय, माणसानं?” मला तेव्हा ते अडाणीपणाचे वाटले. त्याच आजीने मामांचे कळल्यावर चूल पेटवली नाही, आईला न्हाणीत नेले आणि तिच्या डोक्यावर स्वतः पाणी घातले. मी वर गच्चीवरच होते.

तुमच्यापैकी एकाने मागच्या आठवड्यात मला लिहिले की जेवण जात नाही, रात्री जाग येते आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. त्याला मी पानिपत सांगितले नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. मला कोणीतरी २०२१ मध्ये तसे काही सांगायला हवे होते.

‘धर्मसिंधु’तले ते पान वाचले तेव्हा मामांना जाऊन वर्ष कधीच लोटले होते. सुट्टीत येलदरीला गेले. पहाटे उठले, तर आजी न्हाणीपाशी बंब पेटवत होती. मी म्हटले, मामांच्या नावाची आंघोळ करायची आहे. इतक्या उशिरा का, असे तिने विचारले नाही. विसण घालून पाणी बेताचे केले आणि म्हणाली, “डोक्यावरून घे.”

पहिल्या तांब्यालाच मला चारठाण्याचा रस्ता आठवला, आणि मोटारसायकलच्या टाकीचा चटका.