पुढची रिकामी जागा

मराठीच्या प्राध्यापकाने विमानाविषयी लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. त्यातून मी राहतो डोंबिवलीत. आमच्याकडे विमानाची खूण म्हणजे कल्याणजवळच्या नेवाळीची, दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी! पण लोकलने ठाण्याला जाताना एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक विमान दाखवले, आणि ते मनातून जाईना.

त्याचे नाव टायगर मॉथ. १९३१ साली इंग्लंडमध्ये ते प्रथम उडाले. एकावर एक पंख, त्यांवर मढवलेले कापड आणि १३० अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच त्याचा संसार. पण आकाशात कोलांट्या घ्याव्यात त्यानेच. फार वेळ उलटे ठेवले, तर मात्र इंजिन रुसते. कारण वरच्या पंखातल्या टाकीतून पेट्रोल आपल्याच वजनाने खाली येते! आपल्या वायुदलाने असे एक विमान दुरुस्त करून घेतले. २०१२ च्या वायुदल दिनी, ८ ऑक्टोबरला, ते हिंडनच्या आकाशात उडाले. जेट विमानांच्या त्या जत्रेत या म्हाताऱ्याचेही कौतुक झाले.

हे विमान मूळचे मास्तर. आपल्याकडचे कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. पुढे त्याची जागा डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेल्या, १९५१ साली उडालेल्या एच.टी.-२ या भारतीय विमानाने घेतली.

मला मोह पडला तो त्याच्या बैठकीचा. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. बोलणे नळीतून. आणि शिष्य तयार झाला, की शिक्षकाने उतरून जायचे. शिष्य मागेच बसून एकटा उडतो. त्याच्यासमोर गुरूची रिकामी जागा!

आमच्या मराठीच्या वर्गात यंदा सातच मुले आहेत. "हे शिकून पुढे काय?" असे पालक विचारतात, तेव्हा माझे उत्तर घशातच राहते. त्यांतली एक मुलगी कल्याणहून येते. परवा तिला निबंध वाचायचा होता. ती म्हणाली, "सर, मी वाचताना तुम्ही पहिल्या बाकावर बसू नका हं."

क्षणभर वाईट वाटले, नाही असे नाही. मग मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ती दोनदा अडखळली. पण खाली उतरली ती अगदी अलगद.